पद्मश्री आणि मांडावरचा नारळ

मार्च महिना, होळीचा दुसरा दिवस. मी घरापुढच्या खळ्यात मिरच्या वाळत घालत होते आणि बॅगेत काय राहिलंय ते मनातल्या मनात तपासत होते. सासऱ्यांना ढोलवादनासाठी पद्मश्री जाहीर झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोपा विमानतळावरून दिल्लीचं विमान होतं. सोबत एक माणूस न्यायचं होतं. नवरा बोटीवर नोकरीला, सासूबाई आमच्या पेडणे तालुक्याबाहेर फारशा न गेलेल्या. मला हिंदी येतं म्हणून ते माणूस मी.

इतक्यात सासरे मांडावरून परत आले. चपला न काढता सोप्यावर बसले. मागोमाग त्यांचे चुलतभाऊ आले. ते सैन्यातले निवृत्त सुभेदार, सीमेवरच्या कामगिरीसाठी पदक मिळालेले. ते मात्र हसू दाबत होते.

"काय झालं, बाबा?"

"नारळ मीच ठेवलंय."

मी हातातली मिरची खाली टाकली. मांड म्हणजे आमच्या वाड्यावरची शिगम्याची, शिमग्याच्या सणाची जागा. तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या घराण्याचा. जो नारळ ठेवतो, तो रोज सकाळी ढोलावर पहिला ठोका मारतो, मगच रोमट, म्हणजे ढोलांची मिरवणूक, घरोघर फिरायला निघतं. आणि सण संपून नारळ उचलेपर्यंत त्याने गावची शीव ओलांडायची नाही. यंदा दिल्लीमुळे नारळ सुभेदारांनी ठेवायचा असं सगळ्या वाड्यासमोर ठरलं होतं.

"मी हात पुढे करून उबो," सुभेदार म्हणाले. "ह्यान नारळ उचललो तो थेट मांडार! आणि गाऱ्हाणा पण चालू. 'मी नि माझा घर मांड राखू, मी शीव ओलांडचंय नाय.' दर वर्सासारखा, एका दमात."

"तोंडातसून गेला," सासरे म्हणाले. "सवयीन."

"लग्न झाल्यापासून सांगतंय, बोलण्याआधी घोटभर पाणी पिया," सासूबाई आतून ओरडल्या.

"पदकासाठी मी देशाची सीमा राखलंय," सुभेदार म्हणाले, "आणि तुका पदकासाठी गावची शीव ओलांडूची, ती काय तुका जमना नाय!"

सासरे हसले नाहीत. तेव्हा मला काळजी वाटली. त्यांना दिल्लीला जायची किती हौस होती ते घरात कुणी बोललं नव्हतं, पण दिसत होतं. महिनाभर रोज जेवणानंतर नवे बूट घालून ते खळ्यात फेऱ्या मारत. आरशासमोर उभे राहून राष्ट्रपतींना नमस्कार करून बघत, दोन्ही हात जोडून, मान जरा वाकवून. पदक नंतर घरपोच आलंही असतं. पण बूट कुठे घालणार?

"देवाला विचारून या," मी म्हटलं.

"विचारून इलंय. डावी पडली."

आमच्याकडे मूर्तीवर ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"काय विचारलंत?"

"दिल्लीक जाव काय?"

"अहो बाबा, नुसतं असं विचारलंत तर तो नाहीच म्हणणार. घर उघडं टाकून जाऊ का म्हणून मला विचारलंत तर मीसुद्धा नाही म्हणेन. मागे मांड कोण राखणार ते सांगितलंत का?"

"कोण राखतलो? ह्याचा घर वेगळा, झील बोटीर. घरात माणूस खंय आसा?"

"मग मी काय शेतातल्या मांगरात राहते?"

सुभेदारांचं हसू थांबलं. "बाईमाणसान पहिलो ठोको? कधी झाला नाय."

"पद्मश्री तरी आमच्या घरात कधी इली होती?" सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "गाऱ्हाण्यात 'माझा घर' म्हटलास ना? मग सून घर न्हय? देवाक धड विचारा, आणि माका पण घेवन चला."

आम्ही चौघं देवळात गेलो. सासऱ्यांनी या वेळी सावकाश, एकेक शब्द तोलून विचारलं: सून नारळ राखेल, ठोका मारेल, मी जाऊन येतो. गुरवाने कळ्या लावल्या. बराच वेळ दोन्ही घट्ट. सुभेदारांनी नकळत सावधान पवित्रा घेतला होता. मग उजवी पडली, आणि ते देवळातच ओरडले, "शाबास!" ते देवाला की मला, कळलं नाही.

माझी दिल्ली गेली, हे बाहेर पायऱ्या उतरताना लक्षात आलं. सासूबाईंच्या ते माझ्याआधी लक्षात आलं होतं.

"विमानात ती खुर्ची रिकामी जातली मा?"

"तुम्हाला हिंदी येत नाही, आई."

"येता! रोज सांजे शिरियली बघतंय, त्या फुकट?"

मी फोन करून सोबतच्या माणसाचं नाव बदलून घेतलं, माझं तिकीट रद्द करून सासूबाईंचं काढलं. बॅगेतल्या माझ्या साड्या काढल्या, त्यांच्या घातल्या. संध्याकाळी सासऱ्यांनी मला ढोलासमोर उभं केलं.

"एकाच दिवसात येईल का?" मी विचारलं.

"हात सैल सोड. लाकडां फोडतंस?"

"शिकवायचं तुमचं काम. ढोलाचीच पद्मश्री मिळाली ना?"

तेव्हा कुठे ते हसले, आणि मग खूप वेळ हसत राहिले. वाड्यावरच्या बायका खळ्याच्या दगडी गडग्यावर येऊन बसल्या आणि प्रत्येक चुकीला टाळ्या वाजवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं टॅक्सीत बसली. सासरे बूट घालून, सासूबाई सीटच्या काठावर, जणू लगेच उतरायचंय. मी आंघोळ केली, मांडावर दिवा लावला, कुत्र्याला हाकललं. ढोलवाले जमले. मी पहिला ठोका मारला. थोडा कडेला लागला, पण लागला. बाकीचे ढोल सुरू झाले, रोमट निघालं आणि मी घरी येऊन धुणं भिजत घातलं.