मागच्या बाकावरच्या जागाबाई

शाळेचे प्रवेश वर्षातून एकदाच होतात हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त मुलांना माहीत नसतं. मुलं वर्षाच्या मधेच घर बदलतात, मधेच शाळेतून काढली जातात, मधेच कुठल्या तरी मामाकडे येऊन राहतात. अशा अवेळी उगवलेल्या मुलांना शाळेत जागा शोधून द्यायची, हे शिक्षण कार्यालयातल्या एका टेबलाचं काम होतं. त्या टेबलामागे गेली एकोणीस वर्षं एकच बाई बसत होत्या. त्यांना सगळे जागाबाई म्हणत.

टेबल दुसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या जिन्याखाली होतं. तिथे सरळ उभं राहिलं की डोकं आपटायचं. त्यामुळे माणूस कितीही तावातावाने भांडायला आला तरी जागाबाईंशी वाकूनच बोलायचा. बाईंना ते सोयीचं होतं. त्यांची स्वतःची उंची पाच फुटाला दोन बोटं कमी.

त्यांच्या पर्समध्ये कायम कापड मोजायची टेप असे. नवरा शिंपी, त्याच्या दुकानातून उचललेली. एखादे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, वर्गात पाय ठेवायला जागा नाही हो," की बाई म्हणायच्या, "बघू या ना," आणि टेप काढून वर्गात शिरायच्या. बाक मोजायच्या, दोन बाकांमधली वाट मोजायच्या, एकदा तर एका गलेलठ्ठ मास्तरांचा घेर मोजून त्यांनी सिद्ध केलं होतं की मास्तर फळ्याकडे अर्धा फूट सरकले तर दोन मुलं सहज बसतील. दोन मुलं बसलीसुद्धा. ती जुळी होती. त्यातल्या एकाला आधीच्या शाळेने काढायचं ठरवलं होतं; पण नेमकं कोणाला, हे शाळेला सांगता येईना, म्हणून दोघांनाही काढलं होतं.

असल्या बाईंच्या टेबलावर एके दिवशी अकरा वर्षांच्या एका मुलीची फाईल आली. पाचवीतली मुलगी, वर्षाच्या मध्यावर तीन शाळा झालेल्या. पहिल्या दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहिलं होतं, "विद्यार्थिनीने शाळा सोडली." यात काही नवल नव्हतं. दुसऱ्या दाखल्यावर लिहिलं होतं, "विद्यार्थिनीने शाळा सोडली (दोनदा)." बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि त्या शाळेच्या लिपिकाला फोन लावला.

"एकच मुलगी एकच शाळा दोनदा कशी सोडेल हो?"

"मंगळवारी एकदा आणि गुरुवारी एकदा," लिपिक म्हणाला.

"म्हणजे यायची बंद झाली?"

"छे. यायला नियमित. तिने शाळा सोडली. साडेअकरा वाजता. साडेसातशे मुलं घरी गेली."

मग उलगडा झाला. मुलीला घंटेचा आवाज काढता यायचा. तोंडाने. लोखंडी घंटा असो की विजेची, एकदा ऐकली की पुरे. पहिल्या शाळेत तिने टोल दिले आणि शाळा सुटली. दुसरीत घंटा विजेची होती, तीही सुटली. तिसऱ्या शाळेने शहाणपणा करून घंटाच बंद केली आणि मुख्याध्यापक ध्वनिक्षेपकावरून सूचना देऊ लागले. चार दिवसांनी त्यांच्याच आवाजात सूचना झाली, उद्या शाळेला सुट्टी आहे. दुसऱ्या दिवशी एकटे मुख्याध्यापक आले. आणि सगळे शिक्षक शपथेवर सांगायला लागल्यावर त्यांनाही वाटू लागलं, की आपण बोललो असू.

फाईल आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन तिची मावशी आली. मावशी धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करायची. आईबाप कामासाठी लांब, पोर तिच्याकडे. मुलगी चष्मेवाली, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, इतकी गरीब दिसत होती की बाईंना वाटलं, भलत्याच कोणाला तरी आणलंय.

"का करतेस गं असं?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांना इतका कंटाळा आलेला असतो ना काकू," मुलगी म्हणाली. "चेहरे बघवत नाहीत."

"तिचा स्वभावच दयाळू," मावशी म्हणाली आणि कपाळाला हात लावला.

"बरं, मला ऐकव बघू," बाई म्हणाल्या. ही त्यांची चूक झाली.

"इथली वाजवू? जेवणाच्या सुट्टीची? काल खाली अर्ज द्यायला आलो होतो तेव्हा ऐकली."

मुलीने हनुवटी जरा खाली घेतली. पुढच्याच क्षणी घंटा अशी खणखणीत वाजली की बाईंनी स्वतःच डब्याला हात घातला. सव्वाअकरा वाजले होते. खालच्या मजल्यावर खुर्च्या सरकल्या, कपाटं बंद झाली, आणि सगळा हिशेब विभाग जेवायला निघून गेला. पाठोपाठ साहेबांची केबिन उघडली आणि साहेबही गेले. त्या कार्यालयात जेवणाची सुट्टी हा एकच नियम कडक पाळला जाई. मंडळी दोनला परतली.

महिन्याच्या बैठकीत बाईंनी मुलीचं प्रकरण मांडलं. या बैठकीला अकरा शाळांचे मुख्याध्यापक येत आणि एकेका मुलाची टोलवाटोलवी करत. एरवी कोणी तरी पाघळायचं. या वेळी फाईल टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून बाईंपुढे परत आली. एकाच्या शाळेची भिंत ओली होती. एकाच्या पाचवीत नेमक्या कांजिण्या. एक मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमच्याकडे एक बाक रिकामा आहे, पण तो मनाने भरलेला आहे." म्हणजे काय, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

अकरावे मुख्याध्यापक काहीच बोलले नव्हते. उंच, काटकुळे, मिशांना कात्री लावून रेषेत ठेवणारे गृहस्थ. बाईंनी दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन थेट त्यांचं ऑफिस गाठलं आणि पर्स उघडली.

"टेप राहू द्या," ते म्हणाले. "पाचवीत मागच्या बाकावर दोन जागा आहेत. मी खोटं बोलत नाही. पण ही मुलगी मला नको."

"सर, मुलगी हुशार आहे. कंटाळली नाही तर तोंडातून ब्र काढत नाही. मी खात्री देते."

"इतकी खात्री आहे?"

"आहे."

"मग जागा दोन आहेतच. सोमवार ते शनिवार तिच्या शेजारी तुम्ही बसा. आठवडा नीट गेला तर प्रवेश पक्का."

बाई हात जोडून निघून जातील, असा त्यांचा हिशेब होता. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "किती वाजता भरते शाळा?"

साहेबांनी परवानगी दिली, कारण अर्जावर त्यांनी 'शालेय भेट' एवढंच वाचलं. सोमवारी सकाळी त्रेपन्न वर्षांच्या जागाबाई डबा, पाण्याची बाटली आणि नवी वही घेऊन पाचवीच्या मागच्या बाकावर बसल्या. बाक पाचवीच्या मापाचा. गुडघे आत गेले, पण बाहेर कसे काढायचे हा प्रश्न त्यांनी मधल्या सुट्टीवर सोडला.

वर्गशिक्षिका त्यांच्या निम्म्या वयाची होती. पहिल्याच तासाला बाई मुलीला कानात काही सांगायला गेल्या आणि आवाज आला, "मागे कोण बोलतंय?" बाईंनी वहीत डोकं घातलं. एकोणीस वर्षं त्या मुख्याध्यापकांना बोलून गप्प करत आल्या होत्या, आणि इथे त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. मंगळवारी गोळी चघळताना त्या पकडल्या गेल्या. बुधवारी अपूर्णांकांची चाचणी झाली, त्यात त्यांना दहापैकी तीन मिळाले. मुलीला दहा.

"छेद सारखे करून घ्यायचे काकू," मुलगी हळूच म्हणाली. "तुम्ही नुसतीच बेरीज करता."

"ऑफिसात चालतं तसं," बाई म्हणाल्या, आणि दोघींनाही हसण्याबद्दल उभं राहावं लागलं.

मुलीचं मात्र नवल होतं. घंटेच्या बाबतीत तिने चार दिवस हूं की चूं केलं नाही. मधल्या सुट्टीत दोघी मैदानाच्या कडेला डबा खात बसत आणि बाईंनी फारच आग्रह केला म्हणून तिने त्यांना घंटेचं तंत्र सांगितलं. जीभ टाळ्याला, हनुवटी खाली, श्वास पोटातून, आणि शेवटी ओठ झटकन मिटायचे नाहीत. बाईंनी प्रयत्न केला. कुंपणावरचं मांजर उठून गेलं.

गुरुवारी दुपारी भूगोल होता. मातीचे प्रकार. गुरुजी पुस्तक डोळ्यांसमोर धरून एका सुरात वाचत होते आणि पंखा त्यांना साथ देत होता. काळी माती संपली, तांबडी सुरू झाली. बाईंचा उजवा पाय बधिर झाला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, दोन वाजून दहा मिनिटं. तांबडी माती संपली, वाळूमिश्रित सुरू झाली. बाईंनी खूप वेळाने पुन्हा पाहिलं, दोन वाजून बारा मिनिटं. पुढच्या बाकावरच्या मुलाची मान वहीवर टेकली होती. सगळ्या वर्गाचे चेहरे असे झाले होते की खरोखरच बघवेनात.

"ए," बाई कुजबुजल्या. "वाजव ना."

मुलगी दचकली. "नाही काकू. माझं शनिवारपर्यंत ठरलंय."

"अगदी हळू."

"हळू घंटा नसते."

बाईंनी वाळूमिश्रित माती आणखी थोडी सहन केली. मग त्यांची हनुवटीच जणू आपणहून खाली गेली, जीभ टाळ्याला गेली. नुसतं मनातल्या मनात करून बघावं, एवढाच त्यांचा विचार होता. निघालेला आवाज मात्र बादली विहिरीच्या काठावर आपटत आपटत खाली जावी तसा होता.

गुरुजी थांबले. पाचवीचा वर्ग क्षणभरही फसला नाही; सगळे मागे वळून बघू लागले. पण भिंतीपलीकडे पहिलीचा वर्ग होता, आणि पहिलीतली मुलं घंटेच्या दर्जाबद्दल फारशी चोखंदळ नसतात. दप्तरं उचलल्याचा आवाज आला. पहिली पळाली म्हणून दुसरी पळाली, दुसरी गेली म्हणून तिसरी. फाटकावरच्या पहारेकऱ्याने वीस वर्षांच्या सवयीने मुलं दिसताच फाटक उघडलं. मुख्याध्यापक चपला घालून बाहेर येईपर्यंत निम्मी शाळा रस्त्याला लागली होती.

ते पाचवीच्या दारात येऊन उभे राहिले आणि मुलीकडे बघत म्हणाले, "वाटलंच होतं."

मुलीने बाईंकडे पाहिलं नाही, की काही सांगितलंही नाही. बाई मात्र उठून उभ्या राहिल्या. गुडघे अडकल्यामुळे बाकही थोडा उठला.

"सर, मी केलं."

"बाई, तिला पाठीशी घालू नका."

"नाही सर. खरंच मी."

"मग माझ्यासमोर करून दाखवा."

ऑफिसात, दार लावून, बाईंनी पुन्हा हनुवटी खाली घेतली. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांच्या मिशांची रेषा एका बाजूला हलली, मग पुन्हा सरळ झाली.

"ही तुमचीच," ते म्हणाले. "तिची असती तर मीसुद्धा घरी गेलो असतो."

"सर, मुलीचं काय?"

"मुलीचं वर्तन चार दिवस निर्दोष आहे. चिथावणी मिळूनही. हो, मला इकडे येताना पुढच्या बाकावरच्या मुलाने सांगितलं, तो झोपला नव्हता. तिचा प्रवेश आजपासून पक्का." त्यांनी कागद पुढे ओढला. "तुमचा मात्र मला रद्द करावा लागेल. उद्यापासून येऊ नका."

तसं त्यांनी लेखीच दिलं. त्या पत्राची प्रत अजून फाईलमध्ये आहे: 'सदर विद्यार्थिनीस प्रवेश देण्यात येत असून सोबतच्या प्रौढ व्यक्तीस वर्तनाच्या कारणास्तव कमी करण्यात येत आहे.' साहेबांनी ते न वाचताच सही केली.

फाटकातून बाहेर पडताना बाईंना इतकी शरम वाटली की पहारेकऱ्याकडे त्यांना बघवेना. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मात्र त्यांना हसू फुटलं, आणि रस्त्यात एकटंच हसत उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून त्या एका दुकानात शिरल्या आणि नको असलेला कंगवा घेऊन बाहेर आल्या.

मुलगी त्या शाळेत टिकली. वर्ष संपताना मावशी सांगायला आली, वाकून, की पोरीला मैत्रीण मिळाली, आणि भूगोलाचे गुरुजी हल्ली वाचता वाचता थांबून वर्गाला प्रश्न विचारतात, कारण मागून काही आवाज येईल की काय, या धास्तीने त्यांना सलग वाचवतच नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी बाई घरी गेल्या तेव्हा नवरा जेवणाच्या टेबलावर एका कोटाचं अस्तर टाचत बसला होता. त्यांनी वही त्याच्यापुढे ठेवली. अपूर्णांकांच्या पानावर लाल शाईत शेरा होता: 'लक्ष नाही. शेजारच्या मुलीला बोलायला लावते. पालकांची सही हवी.'

नवऱ्याने चष्मा नाकावर खाली घेऊन शेरा दोनदा वाचला. तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, खिशातलं पेन काढलं, आणि सावकाश, पूर्ण सही केली.

"भेटायला बोलावलंय का मला?" त्याने विचारलं.

"नाही हो. नाव काढूनच टाकलं."

"मग बरं झालं," तो म्हणाला. "मला अपूर्णांक येत नाहीत."