निवाऱ्याची किल्ली
मागच्या चक्रीवादळात बर्फाच्या कारखान्याच्या मालकाने पक्क्या इमारतीचं फाटक उघडलं नाही आणि जाळी विणणारीची बहीण बाहेरच बुडाली. तेव्हापासून ती त्याच्यावर दात धरून होती. नवा निवारा बांधला, तेव्हा किल्ली तिने हट्टाने मागून घेतली.

आज दुपारी वादळाचा इशारा आला. झोपड्यांतली म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या तिने आत घेतल्या. मालक सपत्नीक आला. बायकोला तिने हात धरून आत नेलं, त्याला दारातच अडवलं.

"अगं, वारा वाढतोय."

"माझी बहीणही हेच म्हणाली होती. तुम्ही काय उत्तर दिलंत, ते सगळ्यांना सांगा."

तो पुटपुटला, "जागा नाही म्हणालो."

"मोठ्याने."

त्याने मोठ्याने सांगितलं. तिने वाट सोडली, पण मन काही निवलं नाही.