हंडा उतरव गो

पोलादपूरकडच्या आमच्या शाळेत मी खिचडी शिजवते. माझ्या चुलीसमोरच मैदान आहे, आणि तिथे खेळाच्या बाई. आमच्या भागात पोरींना धावायला शिकवणाऱ्या त्या पहिल्याच. फक्कीच्या रेघा स्वतः मारतात, चहा उभ्यानेच पितात, आणि रागावल्या की त्यांचा आवाज उलट बारीक होतो.

वाडीवरच्या आमच्या पोरी पायांनी दणकट, पण धावताना मान ताठ आणि उजवा हात वर, कानापाशी. बघणारे हसायचे. बाई हसल्या नाहीत. एका रविवारी त्या वाडीवर आल्या आणि झऱ्यावरून भरलेला हंडा डोक्यावर घेऊन अख्खी चढण चढल्या. सोमवारी मैदानात एकेका पोरीला एवढंच म्हणाल्या, "हंडा उतरव गो. आता डोक्यावर काय नाय."

परवा महाडला शर्यत होती. माझी पोर मागे पडली होती. बाई कडेने ओरडल्या, "हंडा उतरव गो." पोरीचा हात खाली आला आणि ती सुटली ती थेट पहिली.

टाळ्या वाजवायला गेले, तर माझाच उजवा हात कानापाशी वर धरलेला होता. तो मी सावकाश खाली घेतला.