पॅनेलवर शिंपडलेलं नारळाचं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, घरीसुद्धा. आमच्या शाळेचं डिजिटल पॅनेल मी बिघडवलं. शिक्षा भोगली नववीतल्या प्रज्ञानं.

सर्व्हिस इंजिनिअर पॅनेलचं झाकण उघडून खाली फरशीवर बसला होता आणि मी मोबाईलचा टॉर्च धरून उभा होतो, तिथून सुरुवात करतो. सुप्याजवळच्या एका गावात आमची माध्यमिक शाळा. मी विज्ञान शिकवतो, ग्रंथालयाचा चार्जही माझ्याकडेच. पॅनेल म्हणजे भिंतीवरचा भलामोठा मोबाईल समजा. बोटानं पान उलटतं, ई-पुस्तक उघडतं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं ते भेट दिलं होतं. ग्रंथालयात मोकळी भिंत नव्हती, म्हणून पुस्तकांची दोन कपाटं आम्ही जिन्याखाली हलवली. वाचनसंस्कृती वाढावी म्हणून.

उद्घाटनाला हेडमास्तर म्हणाले, "सर, पूजा तुम्हीच करा. विज्ञानाचे आहात, शोभून दिसेल."

शोभून दिसलो. हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी पॅनेलवर शिंपडलं. तीनदा. फोटो हलला म्हणून चौथ्यांदा, जरा सढळ हातानं. ओल्या हातानं विजेच्या वस्तूला हात लावू नये, हे मी त्याच आठवड्यात आठवीला शिकवलं होतं. मुलांनी वहीत उतरवूनही घेतलं होतं.

आम्हा शिक्षकांचं पॅनेलचं ट्रेनिंग झालं. चहा उत्तम होता. त्यानंतर त्या वस्तूला कुणी हात लावला नाही. लावला तो प्रज्ञानं. मधल्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवून ती यायची, बाटली बाकावर ठेवायची आणि कामाला लागायची. जिन्याखालच्या सगळ्या पुस्तकांची यादी तिनं पॅनेलवर टाईप केली. कोणतं पुस्तक, कुणाचं, कोणत्या फळीवर. माझ्या रजिस्टरात 'गहाळ' असलेली कितीतरी पुस्तकं तिला सापडली. ती यादी मी तालुक्याच्या बैठकीत माझी म्हणून दाखवली. हेही आत्ताच सांगतोय.

काही दिवसांनी पॅनेल आपोआप पानं उलटायला लागलं. आमचे शिपाई तुकाराममामा म्हणाले, "सर, याच्या अंगात आलंय. तुमची पूजा लई पावरफुल हाय."

मग ते बंदच पडलं आणि इंजिनिअर आला. पॅनेलच्या खालच्या कडेला पेन ड्राइव्ह, केबल लावायच्या खाचा असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. तिथं हिरवट थर चढला होता.

"सर, हे साधं पाणी नाही. चिकट आहे." त्यानं चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं. "आणि हे बघा."

नारळाच्या शेंडीचा धागा होता. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि खिशात टाकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पॅनेलवरच्या वाळलेल्या हाराकडे पाहिलं.

"रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"तुमच्या भाषेत लिहा."

"'द्रव पदार्थ आत गेल्यामुळे बिघाड' असं लिहितो. वॉरंटीत बसत नाही हे." त्याला बस पकडायची होती.

हेडमास्तरांची बुद्धी रिपोर्ट वाचताच धावायला लागली. "द्रव पदार्थ म्हणजे पाणी. पाणी म्हणजे बाटली. बाटली घेऊन तिथं कोण बसतं?"

"प्रज्ञा बसते," मी म्हणालो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अगदी बरोबर होतं.

तिचे वडील सुप्यात कारखान्यात कामाला. सुट्टी टाकून आले.

"बाटलीचं झाकण बंद हुतं म्हणती पोरगी. ती खोटं बोलत न्हाई. आमच्या घरात देव्हारा न्हाई साहेब, पुस्तकांचं कपाट हाय. वस्तू कशी जपायची, ते तिला शिकवावं लागत न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमी तर तिथंच असता. तुमीच सांगा."

मी रजिस्टर चाळत राहिलो.

"सर काय सांगणार?" हेडमास्तर म्हणाले. "भरपाई मागत नाही, हे नशीब समजा. माफीनामा द्या. आणि वर्षभर ग्रंथालयात यायचं नाही."

तिनं लिहिलं, 'माझ्या बाटलीचं झाकण बंद होतं. तरी सर म्हणतात म्हणून मी माफी मागते.' पहिलं वाक्य हेडमास्तरांना नको होतं. लाल पेनानं ते मी खोडलं. खाली 'माझ्यासमक्ष' म्हणून सही केली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, तिला माफीनामा माईकवर वाचायला लावला. सगळी शाळा समोर बसली होती. तिनं खोडलेलं वाक्यही वाचलं. सावकाश, माझ्याकडे बघून.

वर्ष संपल्यावर मी तिला म्हणालो, "आता येत जा ग्रंथालयात." ती "हो सर" म्हणाली आणि आली नाही. दहावीनंतर नगरला कॉलेजला गेली. तिची यादी पॅनेलबरोबर गेली, आणि ती पुस्तकं माझ्या रजिस्टरात अजून 'गहाळ'च आहेत.

यंदा दुसऱ्या एका कारखान्यानं नवं पॅनेल दिलं. हेडमास्तर नारळ घेऊन तयार.

"साहेब, नारळ बाहेर पायरीवर फोडू," मी म्हणालो.

"का हो?"

"फरशी खराब होते."

एवढं धाडस करायला मला दोन वर्षं लागली. पॅनेल वापरणाऱ्या शाळांसाठी धडा छोटा आहे. पॅनेलला पूजा लागत नाही, कोरडं फडकं लागतं.

नारळाचा धागा माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, प्रज्ञाचा माफीनामा शाळेच्या फाईलमध्ये. एक माफीनामा मीही तिला देणं लागतो. त्याच माईकवर, परिपाठाला, तिच्या वडिलांना समोर बसवून, एकही वाक्य न खोडता. तो मी अजून दिलेला नाही.