दिवाणसिंगच्या हातातला मीटर

आमची संस्थानी फौज भारतीय सेनेत विलीन झाली तेव्हा मी हवालदार होतो. राहिलो ग्वाल्हेरच्याच छावणीत. फक्त पलटण नवी, बिल्ला नवा आणि अर्धी माणसं नवी. माझ्याकडे विजेचं सेक्शन होतं. त्यात दोन नाईक. जाधव जुन्या फौजेतला, शिंदे की छावनी या मोहल्ल्यात, माझ्याच गल्लीत वाढलेला. दिवाणसिंग कुमाऊंकडचा, नव्या पलटणीबरोबर आलेला. सुरुवातीला दोघांचं अजिबात पटलं नाही. पुढे एका ताटात जेवू लागले.

जुन्या फौजेतून आम्ही एक व्होल्टमीटर बरोबर आणला होता. जड लाकडी पेटी, वर काच, बाजूला छोटी कळ. मीटर हलवायचा असला की ती कळ दाबून आतला काटा जखडून टाकायचा, म्हणजे धक्क्याने मोडत नाही. दुसऱ्याच्या हातात देताना मोठ्याने म्हणायचं, "काटा बंद." घेणारा कळ सोडून म्हणायचा, "काटा खुला." आमच्या उस्तादांनी हे चांगलं घोटून घेतलं होतं.

नव्या पलटणीच्या मीटरांना असली कळ नव्हती. दिवाणसिंगला या प्रकाराची भारी गंमत वाटायची. मेसमध्ये डाळीचं भांडं पुढे सरकवतानाही तो म्हणायचा, "लो जाधवजी, काटा बंद." सगळे हसायचे. जाधवही हसायचा, पण त्याच्या मनाला लागत असावं. संस्थानी म्हणून टोमणे आम्ही तसेही पुष्कळ खात होतो. हळूहळू त्याने म्हणणं सोडलं. कळ दाबायची हाताची सवय मात्र सुटली नाही.

त्या उन्हाळ्यात आंधी आली आणि एम.आय. रूमची, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याची, लाईन तुटली. आत आजारी जवान होते. मी फील्ड टेलिफोनवर जनरेटर शेडला विचारलं.

"एम.आय. रूमची लाईन बंद?"

"बंद है, हवालदार साहब."

त्यांनी शेजारची लाईन बंद केली होती. अशा चुकीसाठीच आधी मीटर लावून पाहायचं असतं. जाधवने मीटर दिवाणसिंगच्या हातात दिला. दिवाणसिंगने दोन्ही टोकं तारांना लावली. काटा शून्यावर होता.

"लाईन डेड," तो म्हणाला आणि त्याने तार धरली.

मीटर खाली पडला, बाजूची कळ तुटली. आम्ही लाकडाने तार दूर केली. डॉक्टर समोरच्याच खोलीत होते. उपयोग झाला नाही.

कोर्ट ऑफ एन्क्वायरी बसली. शेडवाल्याला शिक्षा झाली. मीटरची कळ तुटलेली, काटा हलत नव्हता, म्हणून तो नादुरुस्त ठरला. उघडून कोणी पाहिला नाही. पुढे कंडम सामानाचा लिलाव झाला तेव्हा जाधवने तो घेतला. पेन्शनीत निघाल्यावर तो बिर्ला नगरला मिलमध्ये वायरमन झाला. मीटर त्याच्या माळ्यावर पडून राहिला.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तो पेटी घेऊन माझ्याकडे आला.

"हवालदारसाहेब, हा दुरुस्त करून द्या."

"आता याचं काय करणार, जाधव?"

"करायचं काही नाही. मीटरच खराब होता, की काटा मी बंद करून दिला होता, हे पता तर लागू द्या. मला आठवतच नाही. इतकी वर्षं आठवून पाहतोय."

मी अंगणात उन्हाला चटई टाकली. स्क्रू गंजले होते. तेल सोडून, थांबून थांबून काढले. आत धूळ होती, पण कॉइल साबूत, केसासारखी स्प्रिंगही साबूत. कळीची पितळेची पट्टी काट्यावर दाबून बसली होती. चिमट्याने ती उचलली तसा काटा मोकळा झाला. वायरी कुजल्या होत्या, त्या बदलल्या. लहान मापाच्या टोकांना टॉर्चचा सेल लावला. काटा सरळ दीड व्होल्टवर जाऊन थांबला.

मनात आलं, खोटं बोलावं. स्प्रिंग अडकली होती म्हणावं. पण जाधव समोर बसून सगळं पाहत होता, आणि ज्याचं आयुष्य मीटर बघण्यात गेलं त्याला काय सांगणार? मला फार वाईट वाटलं. काम हातात घेतलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

"म्हणजे मीटर चांगला होता," तो म्हणाला.

"हो."

"काटा बंद होता."

"हो. पण लाईन शेडवाल्याने चुकवली, जाधव. आणि कळ दिवाणसिंगनेही बघायला हवी होती."

"तो कशाला बघेल? मी बोललोच नाही ना."

मी चहा मागवला. तो तसाच निवत राहिला. दिवाणसिंग ऐन पंचविशीतला होता. घरी आई होती, लग्न ठरलेलं होतं. ते सगळं आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

"बोललो असतो तर हसला असता तो," जाधव म्हणाला. "बस, इतकंच झालं असतं. हसला असता."