तेराशेचं इंजिन आणि अर्धे कॅन

पुढे नाक नसलेली ती छोटी व्हॅन तुम्ही पाहिली असेल. इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली, मागे दोन बाकं, आणि चार माणसं बसली की चढाला धापा टाकणारी. आमच्या डोंगरावरच्या सहा दूध सोसायट्यांनी मिळून तसली एक जुनी व्हॅन घेतली, मागची बाकं काढून खाली पत्रा ठोकला आणि आठशे सीसीचं इंजिन काढून तिच्यात तेराशेचं बसवलं. ती गाडी आमचे हे चालवायचे. मला त्या गाडीचा पहिल्या दिवसापासून राग होता आणि अजूनही आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई तिखटमीठ लावून सांगते.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. लिंबागणेशच्या अलीकडं, डोंगरावर आमचं गाव. भाकड जनावरं चारा छावणीत गेलेली, घरटी एखादं दुभतं उरलेलं. पूर्वी दूध संघाचा टेम्पो गावोगाव यायचा. दूध आटलं तसं संघानं कळवलं की एवढ्याशा दुधासाठी टेम्पो परवडत नाही, तुमचं तुम्ही खाली शीतकेंद्रावर आणून द्या. मग सहा गावं एकत्र आली. म्हणजे गाडीपुरती आली. बाकी एकमेकांचं तोंड बघायची कुणाची तयारी नव्हती.

गाडी आली, पण दूध काही वेळेवर पोचेना. सहा गावांना वळसे घालायचे, प्रत्येक चढाला गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत जायची, आणि चैत्रातलं ऊन तर सकाळीच तापायला लागायचं. केंद्रावरचा माणूस कॅनचं झाकण उघडून नाक लावायचा आणि म्हणायचा, "आंबलंय. परत न्या." परत आलेलं दूध ज्याच्या त्याच्या दारात ओतताना ह्यांना शिव्या बसायच्या. त्या दुधावरच सहा गावांचं मीठमिरची चालत होतं, त्यामुळं लोकांचंही चुकत नव्हतं.

तेव्हा सोसायटीच्या चेअरमनच्या डोक्यातून हे इंजिन निघालं. चेअरमन आमच्याच गावचे, ह्यांच्या थोरल्या चुलत्याच्या वयाचे, आणि काहीतरी करून दाखवायची दांडगी हौस. परळीत त्यांच्या ओळखीचा एक मिस्त्री होता. त्यानं अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन मिळवलं, व्हॅनचा तळ कापला, नवे अँगल वेल्डिंग करून ते आत बसवलं आणि वर ड्रायव्हरची सीट चार बोटं उंच केली. गाडी परळीहून आली तेव्हा तिच्यावर तिथल्या वीज केंद्राच्या राखेचा थर होता. आख्खं गाव बघायला जमलं. सासूबाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "नाकापरीस मोती जड केला म्हणायचा." मग त्यांनी ह्यांना विचारलं, "ज्या गाडीचं हे काळीज काढलं, त्यातल्या माणसांचं काय झालं?"

ते कुणीच मिस्त्रीला विचारलं नव्हतं.

मिस्त्रीनं मात्र एक गोष्ट आपणहून सांगितली होती, की इंजिन वाढवलं तसे ब्रेकही वाढवावे लागतात. चेअरमन म्हणाले, "आधी दूध तर पोचू द्या. ब्रेकचं पावसाळ्यात बघू." त्या वर्षी सगळंच पावसाळ्यात बघायचं होतं. लग्नं, घराची कौलं, आजारपणंसुद्धा.

गाडी पळायला लागली, खोटं कशाला बोलू. दूध वेळेवर पोचायला लागलं, आंबणं थांबलं. ह्यांची तर मान ताठ झाली. "दिसाया मांजर, पळाया बिबट्या," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. सकाळी गाडी दारात चालू केली की माझ्या फळीवरची भांडी थरथरायची. सीटखालच्या इंजिनाच्या धगीनं ह्यांच्या मांड्या भाजून निघायच्या. मी जुन्या गोधडीची चौघडी करून दिली, तर आठवड्यात तिला करपल्याचा वास यायला लागला. मला तो वास आवडत नव्हता. धुतली तरी जात नव्हता, आणि धुवायला पाणी तरी कुठं होतं?

खरी भीती मात्र मला कॅनची वाटायला लागली. प्रत्येक गावाचे दोन कॅन, एक गाईचा, एक म्हशीचा. दुष्काळात एकही भरत नव्हता. म्हणजे गाडीत बारा कॅन, बाराही अर्धे. गावागावाची फॅट वेगळी लागते आणि दर फॅटवर ठरतो, म्हणून कुणी कुणाच्या कॅनात दूध ओतायचं नाही हा सोसायट्यांचा नियम. हे एकदा सहज बोलून गेले, "खिंडीतल्या वळणाला मागनं कुणीतरी ढकलल्यागत वाटतंय." मी त्याच वेळी टँकरवरून आले होते. भांडणात मला अर्धाच हंडा मिळाला होता आणि डोईवर तो सारखा हिंदकळून माझी पाठ भिजली होती.

"भरला हंडा डोईवर गप बसतो," मी म्हणाले. "अर्धा हंडा मान मोडतो. तुमच्या मागं तसले बारा हंडे हायेत. कॅन बांधा तरी."

"बांधतो की. पर दोरीनं कॅन जागेवर ऱ्हातोय, आतलं दूध कुठं ऱ्हातंय?"

"मग दमानं चालवा."

"दमानं चालवलं तर आंबतंय. मग इंजिन कावून बसवलं?"

पालथ्या घड्यावर पाणी. पण माझं बोलणं त्यांच्या मनात राहिलं असावं, कारण पुढच्या बैठकीत ते उठले. मीसुद्धा सभासद होते, म्हैस माझ्या नावावर होती, म्हणून दाराशी बसले होते. हे म्हणाले, "दोन-दोन गावांचं दूध एकत्र ओता. गाईचं गाईत, म्हशीचं म्हशीत. बाराचे सहा कॅन हुतील, पर भरलेले. भरला कॅन गाडीला वढत न्हाई."

आमच्या गावचा एक म्हातारा लगेच म्हणाला, "म्हंजी फॅट आमची आन् पैका वाडीचा? त्येंच्या दुधात पाणी किती असतंय ते समद्यांना ठावं हाय."

शेजारच्या वाडीचा संचालक ताडकन उठला. "प्यायला हंडाभर मिळंना, दुधात घालायला कुठनं आणू बे?"

सगळे हसले. चेअरमनही हसले. हे उभेच होते, आणि त्या हसण्यात त्यांचं बोलणं बुडून गेलं. चेअरमननं त्यांना हातानं खाली बसायची खूण केली आणि टँकरच्या पाळीचा विषय काढला. माझं डोकं फिरलं. मी दारातूनच म्हणाले, "माणूस गेल्यावर फॅट मोजत बसा!" कुणीतरी म्हणालं, "वैनी, असं वंगाळ बोलू न्हाई." वंगाळ बोलू नये, पण वंगाळ करावं, अशी तिथली रीत होती.

त्यानंतर रोज हे परतेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. आवाज लांबूनच ओळखू यायचा. तो आला की मी काही झालंच नाही अशा तोंडानं भाकरी थापायला घ्यायचे.

एका सकाळी आवाज आला नाही. हे चालत आले. सदरा दुधानं भिजून वाळलेला, कोपर सोलवटलेलं, आणि तोंडावर रक्ताचा थेंब नाही. खिंडीच्या उतारावर पुढे शेळ्या आल्या म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबायला आली, मागचं दूध थांबेना. ते आधी पुढं आदळलं, मग बाजूला, आणि गाडीची मागची बाजू घसरत जाऊन दरीच्या कठड्याला टेकली. कठडा जुना होता. "हललावता गं कठडा," एवढंच ते दोन-तीनदा म्हणाले.

मी म्हणाले, "चावी देऊन या. आत्ताच्या आत्ता." ह्या खेपेला ते वाद न घालता गेले आणि चेअरमनच्या पुढ्यात चावी ठेवून आले. त्या दिवशी मी गुळाचा शिरा केला. दुष्काळात लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं, माझा माणूस घरात होता.

चौथ्या दिवशी फळीवरची भांडी पुन्हा थरथरली.

गाडी दुरुस्त होऊन आली होती. चालवायला वरच्या आळीचा एक तरणा माणूस घेतला होता. दरसाल तो बायकोसह ऊसतोडीला जायचा, तिकडं ट्रॅक्टर चालवायचा. त्या वर्षी कुठं ऊसच उभा नव्हता, कारखान्यांची धुराडी गार पडलेली, म्हणून दोघं गावातच बसून होती. काम मिळालं म्हणून त्यानं देवाला नारळ फोडला. हे त्याच्याकडं जाऊन सगळं सांगून आले. तो म्हणाला, "दादा, मी भरला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या घाटातनं काढल्यात." उसाच्या मोळ्या हिंदकळत नाहीत, हे त्याला कसं पटावं?

मग मी त्याच्या बायकोला गाठलं. बाईला बाईचं पटेल, असा माझा समज. टँकरच्या रांगेत ती माझ्या मागेच होती. हसतमुख, काटक, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी तिला सगळं सांगितलं. ब्रेक, वळण, अर्धे कॅन, कठडा. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हंजी आक्का, कॅन हलत्यात म्हणून गाडी जाती?"

"हां."

"आन् कुणी धरून बसलं तर?"

"धरलं तर कॅन हलायचा न्हाई, पर..."

तेवढ्यात टँकरचा नळ सुटला आणि रेटारेटी झाली. माझं पुढचं बोलणं, की कॅन धरला तरी आतलं दूध कुणाच्या हातात नसतं, ते माझ्या तोंडातच राहिलं. ती हंडा घेऊन पुढं घुसली होती. मला वाटलं, संध्याकाळी घरी जाऊन सांगू. संध्याकाळी म्हैस व्यायला अडली आणि राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्त्याच्या कडेला शेण गोळा करत होते. व्हॅन आली. मागचं दार दोरीनं बांधून अर्धं उघडं ठेवलेलं, आणि आत, कॅनांच्या मधे, ती बसली होती. दोन्ही पाय दोन कॅनांना लावलेले, हात तिसऱ्याच्या गळ्यात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. हिशेब कोयत्याचा असतो, एकट्या माणसाचा नसतो. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. नवरा धोक्यात आहे असं मी तिला सांगितलं होतं. मग ती घरी बसेल असं मला वाटलंच कसं?

मी शेणाचे हात वर करून धावले. "उतर! अगं, उतर खाली!" त्या इंजिनाच्या आवाजात तिला काय ऐकू जाणार? तिला वाटलं, आक्का शाबासकी देतात. तिनं कॅनवरचा एक हात काढून मला हसून दाखवला, आणि गाडी पुढं गेली.

त्या दिवशी दोघं सुखरूप परत आली. मी दारात जाऊन तिला नको नको ते बोलले. ती म्हणाली, "आक्का, आज गाडी लई गप चालली, ह्येंनाच इचारा." तो मान हलवून हसत होता. चेअरमननंही कौतुक केलं म्हणे, की जोडी चांगली मिळाली. हे परत एकदा त्याच्याशी बोलले, मी परत एकदा तिच्याशी भांडले. शुक्रवारी दोघं परत आली नाहीत.

कठडा तेवढा एका गाडीपुरता पडला होता. मी बघायला गेले नाही. हे गेले होते.

दोघांच्या तेराव्यानंतर सोसायट्यांची बैठक झाली. दोन गावांचं दूध एका कॅनात ओतायचा ठराव चेअरमननं स्वतः मांडला. आमच्या गावच्या म्हाताऱ्यानं अनुमोदन दिलं, वाडीच्या संचालकानं हात वर केला. कुणी फॅटचं नाव काढलं नाही, कुणी पाण्याचा विनोद केला नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. एवढासा वेळ लागला, चहासुद्धा अजून यायचा होता.