बादशहाचं पित्त

अड्याळच्या वैद्यबुवांच्या दवाखान्यात, कोटात हात खुपसून उभ्या असलेल्या फ्रान्सच्या बादशहाचं चित्र होतं. आपण ताप घेऊन जावं, तर आधी त्याचंच दुखणं ऐकावं लागे.

"पोट धरून उभा आहे, पाह्य! जुनाट अम्लपित्त. घाईघाईनं जेवे. मी असतो तं शतावरी-दुधावर ठेवलं असतं. हारलाच नसता!"

मग कुठे माझी नाडी. तर्री बंद, सावकाश जेवायचं.

एका लग्नात शेवटची एस.टी. सुटेल म्हणून बुवांनी वांग्याची तर्री भराभर ओरपली. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर बुवा चित्राखाली उभे, बंडीत हात खुपसून.

"हासू नको," ते कण्हत म्हणाले, "अशा पोटानं हा घोड्यावर बसे कसा, तेच समजून नाही राहिलं."